सरकारी पैशातून चालणारं आंतरशाखीय वैद्यकीय संशोधन तपासायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची जवळजवळ सगळी उदाहरणं मुद्दाम एकाच आजाराची घेतली आहेत, क्षयरोगाची. या आजारावर भारतात जवळपास सत्तर वर्षं सरकारी खर्चाने संशोधन चालू आहे. त्यामुळे काय पेरलं आणि काय उगवलं, दोन्ही बघायला मिळतं. शिवाय टीबी कुठल्याही एका शाखेच्या एकटीच्या आवाक्यातला नाही. जंतू फुप्फुसात असतो, पण तो माजतो पोटाला पुरेसं मिळत नाही म्हणून, खोली कोंदट आहे म्हणून, गोळ्या मध्येच सुटल्या म्हणून.

वेगवेगळ्या शाखांचे लोक एका प्रकल्पात असले की संशोधन आंतरशाखीय झालं का?

नाही. अर्जावर पाच विभागांची नावं असतात, निधीचे पाच वाटे होतात, जो तो आपापलं काम करतो आणि शेवटी पाच प्रकरणं एका पुठ्ठ्यात बांधली जातात. याला फार तर शेजार म्हणता येईल.

माझी कसोटी एकच आहे: दुसऱ्या शाखेचा माणूस आल्यामुळे मूळ प्रश्न बदलला का?

१९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. देशभराचा टीबी कार्यक्रम कसा असावा, हे तिथे ठरायचं होतं. श्रीमंत देशांची वाट समोर होती: एक्स-रेच्या गाड्या गावोगावी फिरवा आणि रुग्ण शोधून काढा. खेड्यातले लोक आपणहून दवाखान्यात येणार नाहीत, हे बहुतेकांनी धरूनच ठेवलं होतं. संस्थेतल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी ते धरून चालायचं नाकारलं. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या खेड्यांत जाऊन त्यांनी टीबीच्या रुग्णांनाच विचारलं: त्रास जाणवतो का, काळजी वाटते का, कुठे दाखवलंत का? बहुतेकांना लक्षणं जाणवत होती. निम्म्याच्या आसपास लोक तर आधीच दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन घरी परतले होते.

हा अभ्यास १९६३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आला. तोवर प्रश्न होता, ‘रुग्णाला शोधायचं कसं’. आता तो झाला, ‘दारात आलेल्या रुग्णाला ओळखायचं कसं’. थुंकी तपासायची सोय साध्या दवाखान्यात हवी आणि टीबीचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेतच मिसळलेलं हवं, या विचाराला त्यातून मोठं बळ मिळालं. नुसत्या एक्स-रेच्या आकड्यांतून हा प्रश्न कधीच सुचला नसता.

उपयोगिता प्रमाणपत्र आणि वार्षिक अहवाल असतातच. मग वेगळं मूल्यमापन कशाला?

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ऑफिसच्या भाषेत ‘यूसी’, एवढंच सांगतं की मंजूर पैसा मंजूर कामासाठी खर्च झाला. ते हवंच. लोकांच्या करातला पैसा आहे, हिशेब चोख पाहिजे. पण फ्रीझर विकत घेतला हे यूसीत दिसतं, त्यात ठेवलेल्या नमुन्यांतून काही कळलं का हे दिसत नाही. वार्षिक अहवालाचंही तसंच. उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी अशा तीन रकान्यांत ‘प्रश्नच बदलला’ हे लिहायला जागाच नसते. बंगळूरचं ते काम अशा तक्त्यात भरायला गेलं असतं, तर ‘मूळ उद्दिष्टापासून विचलन’ असा शेरा पडला असता.

किती शोधनिबंध आले, कुठल्या नियतकालिकात आले, यावरून अंदाज येत नाही का?

थोडासा येतो. काहीच छापलं गेलं नसेल तर विचारायलाच हवं. पण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (म्हणजे त्यातल्या निबंधांचा दुसरे संशोधक सरासरी किती वेळा उल्लेख करतात, त्या आकड्यावरून) एखाद्या निबंधाची किंवा माणसाची किंमत करू नये, हे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलेलं आहे आणि जगभरच्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सही करणं सोपं असतं. निवड समितीपुढे बायोडेटा आला की नजर पहिल्यांदा त्याच आकड्याकडे जाते.

टीमच्या कामात ही मोजणी आणखी फसते. दोन शाखांना एकमेकींची भाषा समजायलाच वर्ष-दीड वर्ष जातं. डॉक्टर ‘केस’ म्हणतो ते वेगळं, साथरोगतज्ज्ञ म्हणतो ते वेगळं, समाजशास्त्रज्ञाची ‘केस’ तिसरीच. पहिल्या दोन वर्षांत निबंध कमी दिसणं हा बहुधा काम नीट चालल्याचा परिणाम असतो. निबंधांवर बोट ठेवणारी समिती त्या टीमला घाई करायला लावते. मग जो तो आपल्या शाखेचा छोटा निबंध काढून मोकळा होतो आणि एकत्र उत्तर शोधायचं राहूनच जातं.

मग नेमकं बघायचं काय? एखादं चांगलं उदाहरण सांगाल का?

अलीकडचं ‘रेशन्स’ हे उदाहरण घेऊ. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेली ही चाचणी. पैसा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, इंडिया टीबी रिसर्च कन्सॉर्शियममार्फत. नेतृत्व डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांचं. नोंदणी ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली, पाठपुरावा जुलै २०२२ पर्यंत चालला. मध्येच कोविड आला. निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेट आणि लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या दोन नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

प्रश्न असा होता: टीबीच्या रुग्णाच्या घरच्यांना पोटभर आणि चांगलं खायला मिळालं, तर त्यांच्यात टीबी कमी होतो का? २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. दोन्ही गटांतल्या रुग्णांना दरमहा १० किलोची शिधापिशवी मिळायची. फरक घरच्यांच्या बाबतीत होता. एका गटात घरातल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटात घरच्यांना वेगळा शिधा नाही.

आता मूल्यमापन करणाऱ्याच्या नजरेने ही मांडणी बघा. कुठल्या शाखेचा हात कुठे लागला ते जागोजाग सापडतं. तुलनेच्या गटातल्या आजारी माणसालाही उपाशी ठेवायचं नाही, हे नीतिशास्त्र. एका घराला शिधा आणि शेजारच्या घराला नाही, अशी वाटणी गावात चालणार नाही. म्हणून माणसं न निवडता २८ टीबी युनिटं (टीबी कार्यक्रमाचे स्थानिक विभाग) अख्खीच्या अख्खी सोडत काढल्यासारखी दोन गटांत वाटायची, हे संख्याशास्त्र आणि गावाची जाण, दोन्ही. पिशवीत काय घालायचं, हा आहारशास्त्राचा प्रश्न. झारखंडच्या घरात जे शिजतं आणि खाल्लं जातं तेच घालायचं, ही अनुभवातून आलेली समज. तांदळाच्या पोत्याचं प्लासिबो, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं पण परिणाम नसलेलं खोटं औषध, बनवता येत नाही, त्यामुळे कोणाला काय मिळतं हे सगळ्यांना माहीत होतं. ही या चाचणीची मर्यादा आहे आणि मूल्यमापनात तिची नोंद झालीच पाहिजे.

निकाल बघतानाही नुसत्या टक्केवारीवर थांबू नका. जास्त शिधा मिळालेल्या गटात ५,६२१ माणसांपैकी ९६ जणांना टीबी झाला, दुसऱ्या गटात ४,७२४ पैकी १२२ जणांना. सगळे हिशेब करून टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. जंतू सापडून पक्कं निदान झालेल्या फुप्फुसाच्या टीबीत ही घट ४८ टक्के होती. ३९ टक्के हा आकडा मथळ्यात शोभतो. ९६ आणि १२२ हे आकडे सांगतात की एवढा फरक निःसंशय दिसायला दहा हजार माणसांच्या घरी वर्षानुवर्षं जावं लागलं. सरकारी पैसा कशासाठी लागतो ते इथे कळतं. तांदूळ आणि तूरडाळीचं पेटंट कोणाला मिळणार नाही, त्यामुळे औषध कंपनी ही चाचणी करायला येणार नव्हती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती वजनकाट्याची गोष्ट. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसासाठी हे फक्त दोन किलो होतात. म्हणजे उपकेंद्राच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला काटा हे, कोणत्या रुग्णाकडे आधी धावायचं, ते ओळखायचं साधन आहे. असं काही हाती लागलं का, जे उद्या सकाळी एखादी नर्स वापरू शकेल? हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पाला विचारावा.

संशोधनानंतर धोरण बदललं, तर ते संशोधनाचं यश धरायचं का?

जपून. निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळायला सुरुवात झाली एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे रेशन्सच्याही आधी. लोकांनी रुग्णांना शिधा द्यायचा, ही निक्षय मित्र मोहीम सप्टेंबर २०२२ ची, निकाल छापून यायच्या आधीची. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये रक्कम १,००० रुपये करण्याची घोषणा झाली, १ नोव्हेंबरपासून ती लागू झाली, आणि रुग्णाच्या घरच्यांनाही निक्षय मित्रच्या शिध्यात आणायचं ठरलं.

यातलं किती श्रेय एका चाचणीचं? ‘आमच्यामुळे धोरण बदललं’ असं कुठल्याही टीमने अहवालात लिहिलं तर मी तारखा मागतो. धोरण ही अनेक ओढ्यांची नदी असते. पण घरच्यांचा समावेश हा मुद्दा नेमका तोच आहे, जो या चाचणीने मोजला होता. म्हणून ‘श्रेय कोणाचं’ याऐवजी असं विचारावं: निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर हा पुरावा नसता, तर निर्णयातला कुठला भाग लंगडा पडला असता? या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. बैठकांची इतिवृत्तं असतात, मार्गदर्शक सूचनांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या असतात. त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात.

प्रकल्प संपल्यावर किती वर्षांनी तपासावं?

एकदा तपासून भागत नाही. माझ्या मते हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

१९५६ साली मद्रासला एक केंद्र उभं राहिलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चौघे भागीदार. आजची चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तेव्हा टीबी म्हटलं की सॅनेटोरियम. आपल्याकडे मिरज, पाचगणी ही नावं जुन्या पिढीच्या तोंडी त्यामुळेच असत: मोकळी हवा, अंडी, दूध, आराम. लाखो गरिबांना एवढ्या खाटा आणायच्या कुठून? केंद्राने १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे निम्मे घरी, निम्मे सॅनेटोरियममध्ये. औषधं दोघांनाही सारखीच, एक वर्ष. कर्मचारी न कळवता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत, औषध खरंच पोटात जातंय का हे बघायला लघवी तपासत. १९५९ साली निकाल आला: घरी राहून, साधं खाऊन, दाटीवाटीत राहूनही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले.

पाच वर्षांनी कोणी मूल्यमापन केलं असतं तर शंभर टक्के गुण दिले असते, आणि ते बरोबरच होते. जगभरचे टीबीचे उपचार दवाखान्याच्या खाटेवरून घरी आले, त्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे.

पण त्याच निकालाची सावलीही लांब पडली. ‘औषधं नीट घेतली तर खाण्याने फार फरक पडत नाही’, असा अर्थ त्यातून काढला गेला आणि टीबीच्या कार्यक्रमांत आहार कित्येक दशकं मागच्या बाकावर बसला. मद्रासच्या टीमने मोजलं होतं ते रुग्ण बरा होण्याबद्दल. भुकेल्या घरात नवा टीबी किती होतो, आहार सुधारला तर तो टळतो का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तो साठ वर्षांनी झारखंडमध्ये विचारला गेला.

म्हणून मी म्हणेन: प्रकल्प बंद होताना एकदा, पाचेक वर्षांनी एकदा, आणि शक्य असेल तिथे वीस वर्षांनी पुन्हा बघा. शेवटच्या वेळी दोन गोष्टी विचारा. याचा उपयोग कुठे झाला? आणि याचा चुकीचा अर्थ कोणी लावला का, लावला असेल तर टीमने तो खोडून काढायचा प्रयत्न केला का?

परीक्षक म्हणून कोणाला बोलवावं?

इथे माझ्याच एका चुकीबद्दल सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका छाननी समितीत होतो. एका प्रस्तावात छातीरोगतज्ज्ञ आणि स्थापत्य अभियंता मिळून वॉर्डात हवा कशी खेळते आणि संसर्ग कसा पसरतो, यावर काम करणार होते. समितीत आम्ही सगळे डॉक्टर. अभियांत्रिकीची पानं आम्हाला नीट समजली नाहीत, म्हणून त्या भागाला आम्ही हातचे राखून गुण दिले. मीही दिले. सरासरीत प्रस्ताव अर्ध्या गुणाने खाली राहिला. बाहेर पडताना एक ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, “आपल्याला कळलं नाही त्याची शिक्षा आपण त्यांना दिली.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

हा एकट्या माझा अनुभव नाही. ऑस्ट्रेलियात रिसर्च कौन्सिलकडे पाच वर्षांत आलेले १८ हजारांहून जास्त अर्ज तपासले गेले. त्यात असं दिसलं की प्रस्ताव जितका जास्त आंतरशाखीय, तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी. २०१६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

उपाय अवघड नाही. प्रत्येक मुख्य शाखेचा निदान एक परीक्षक घ्या. स्वतः दोन शाखांत हात घालून काम केलेला माणूस घ्या. तो नेमकं विचारतो की हे दोघं भेटणार कधी आणि कुठे. गुणांची सरासरी काढण्याआधी मतभेद बोलून घ्या. आणि ज्या रुग्णांसाठी हे सगळं चाललंय, त्यांच्यातलं कोणी तरी तिथे बसलेलं असावं. टीबीतून उठलेल्या बाईला दोन मिनिटांत कळतं की दर आठवड्याला तालुक्याला बोलावणारी चाचणी चालणार नाही, कारण तिची त्या दिवसाची रोजंदारी बुडते.

टीम जितकी मोठी तितकं काम चांगलं का?

नाही. २०१९ साली नेचरमध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात सहा कोटींहून जास्त निबंध, पेटंट आणि सॉफ्टवेअर तपासले होते. मोठ्या टीम असलेल्या विचाराला पुढे नेतात, लहान टीम जुनी घडी मोडणारं काम जास्त करतात, असा त्याचा कल निघाला. दोन्ही लागतात. दहा हजार माणसांचा पाठपुरावा तिघांना जमणार नाही, पण प्रश्न बदलायला बंगळूरला दोन माणसं पुरली.

आशाताई, क्षेत्रीय कर्मचारी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांचं श्रेय कुठे धरायचं?

आज बहुधा आभाराच्या ओळीत, तेही नाव न घेता. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात. त्यातला एक म्हणजे मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग. इंग्रजी मसुदा ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, ते इथेच गळतात. कोणी काय केलं हे चौदा भूमिकांत सांगणारी ‘क्रेडिट’ नावाची पद्धत आता बरीच नियतकालिकं वापरतात. त्यात माहिती गोळा करणं, साधनसामग्री पुरवणं, देखरेख या गोष्टींना स्वतंत्र जागा आहे. मूल्यमापन करताना ही यादी मागावी, आणि तिच्यात फक्त प्राध्यापकांची नावं दिसली तर विचारावं: वजन कोणी केलं? शिधा कोणी पोहोचवला? दार बंद असताना दुसऱ्यांदा कोण गेलं? माहितीचा दर्जा तिथे ठरतो.

टीम खरंच एकत्र काम करते आहे, हे बाहेरच्याला कसं ओळखता येईल?

संख्याशास्त्रज्ञ कधी जोडला गेला ती तारीख बघा. नमुन्याचा आकार ठरण्याआधी असेल तर ठीक. माहिती गोळा झाल्यावर ‘जरा अ‍ॅनॅलिसिस करून द्या’ म्हणून फोन गेला असेल, तर ती टीम कागदावरचीच. अंदाजपत्रकात समाजशास्त्राला किती पैसा आणि किती माणसं आहेत ते बघा. एखाद्या शाखेला फक्त मानधन आणि प्रवासखर्च असेल तर ती पाहुणी आहे. मूळ आराखडा आणि शेवटचा आराखडा शेजारी ठेवा. काहीच बदललं नसेल तर चर्चा झाली नाही, असं समजायला हरकत नाही. आणि टीममधल्या सर्वांत कनिष्ठ माणसाशी अर्धा तास एकट्याने बोला. प्रमुख संशोधक जे सांगत नाहीत ते तिथे कळतं.

परदेशात हे नीट होतं का?

अडचणी तिथेही याच आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ साली प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णापर्यंत नेण्यासाठी संस्थांना एकत्र आणणारा मोठा अनुदान कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला १२ संस्था होत्या, मग त्या वाढत गेल्या. २०१३ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्याचा आढावा घेतला, तेव्हा मूल्यमापन जास्त पद्धतशीर आणि सगळीकडे सारखं असावं, असं सुचवावं लागलं. इमारत आधी बांधली आणि फूटपट्टी नंतर शोधली, असं तिथेही घडतं. आपल्याकडे नवीन निधी देताना मूल्यमापनाचे प्रश्न मंजुरीच्या पत्रातच लिहून टाकले, तर ही धावपळ टळेल.

प्रयोग फसला तर पैसा वाया गेला का?

प्रश्न खरा होता, पद्धत चोख होती आणि निकाल लपवला नाही, तर वाया गेला नाही. पुढच्या दहा जणांचे पैसे वाचले. निकाल छापलाच नाही, तर मात्र पूर्ण वाया गेला.

मी साधा करदाता आहे. मला काय करता येईल?

बरंच काही. आपल्याकडच्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया. ती २००७ पासून सुरू आहे आणि इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. आजाराचं किंवा गावाचं नाव टाकून शोधा. तीन गोष्टी बघा: नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का, पैसा कोणाचा आहे, आणि मुख्य निष्कर्ष कशावर काढणार असं आधी लिहिलं होतं. मग छापून आलेला निबंध उघडा आणि तोच निष्कर्ष मोजलाय का ते ताडून पाहा. मधल्या मधे फूटपट्टी बदलली असेल, तर ते पहिल्या पानावरच लक्षात येतं. प्रकल्प संपून बरीच वर्षं झाली आणि निकाल कुठेच दिसत नसेल, तर निधी देणाऱ्या संस्थेकडे माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर, दहा रुपयांचं शुल्क भरून, अंतिम अहवालाची प्रत मागता येते. अर्ज मराठीत चालतो.